बिटकीचा साप

नावं ठेवणारी माणसं जगात पैशाला पासरी. नाव देणारी थोडी, आणि दिलेलं नाव काढून घेणारी त्याहून थोडी. खवलेबाईंवर आज दिलेलं नाव काढून घ्यायची पाळी आली होती.

खवलेबाई संग्रहालयातले साप सांभाळायच्या. सापाच्या अंगावरचे खवले मोजण्यात त्यांची अर्धी हयात गेली, म्हणून त्यांच्या सरांनी फार पूर्वी थट्टेत हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. आता पगाराच्या दिवशी शिपाईसुद्धा त्यांना खवलेबाई म्हणूनच हाक मारायचा.

सकाळपासून त्यांच्या टेबलावर एक बरणी होती. मुठीत मावेल एवढी, गळ्याला लाल दोरा. ज्या एका सापावरून अख्ख्या जातीला नाव मिळालं, त्या मूळ नमुन्याच्याच बरणीला तिथे लाल दोरा बांधत. आत शिसपेन्सिलीहून बारीक, चहाच्या रंगाचा साप वेटोळं करून पडला होता.

हे छोटे साप पाचोळ्याखाली राहतात, गांडुळं खातात, कुणाच्या अध्यात ना मध्यात. दिसतात मात्र इतके सारखे की ओळखता ओळखता माणसाचे डोळे जावेत. जुन्या लोकांनी त्यांना पाच नावं देऊन ठेवली होती. या खरंच पाच जाती आहेत, की एकाच सापाला कुणी दोनदा नाव दिलंय, ते ठरवणारा लेख बाईंनी लिहिला होता. चार जातींचा निकाल लागला होता. पाचवी जात सरांची होती.

त्या पाचव्या जातीचा जगात हा एकच नमुना. पुन्हा तसा साप कुणाला सापडला नाही. खवल्यांची मोजणी गळपट्ट्या नावाच्या दुसऱ्या जातीशी तंतोतंत जुळायची. फरक एकच, की गळपट्ट्याच्या मानेभोवती पिवळा पट्टा असतो आणि याच्या मानेला नव्हता. एवढ्या एका गोष्टीवर सरांची जात उभी होती. बाईंनीही ती सरांच्या जुन्या चित्रावरून तशीच उभी ठेवली होती, कारण बरणी उघडायचा विषय काढला की सर म्हणायचे, "तिला हात लावायचा नाही." पण लेख तपासणाऱ्या परीक्षकाने नेमकं तिथेच बोट ठेवलं. इतक्या वर्षांत दुसरा नमुना का मिळाला नाही? मूळ नमुना तुम्ही स्वतः पाहिलात का? उत्तर आज संध्याकाळपर्यंत हवं होतं.

म्हणून बाईंनी सकाळी दार लावून घेतलं, लाल दोरा सोडला आणि साप भिंगाखाली धरला. मानेपाशी एका खवल्याची कड केसभर उचललेली होती. तिच्याखाली दुसरा खवला होता, स्वच्छ आणि गडद.

साप कातीला आलेला होता. कात टाकण्याआधी सापाची वरची कातडी मळकट, पांढुरकी होते आणि खालचा रंग झाकून टाकते. जिवंत साप असता तर दुधाळ डोळ्यांवरून शेंबड्या पोरानेही ओळखलं असतं, पण स्पिरिटमध्ये सगळ्याच सापांचे डोळे पांढरे होतात. त्या कातीखाली काय आहे ते आजवर कुणी पाहिलंच नव्हतं. पट्टा निघाला तर सरांचा साप म्हणजे साधा गळपट्ट्या, आणि सरांनी दिलेलं नाव रद्द.

ते नाव सरांच्या मुलीचं होतं. घरात तिला बिटकी म्हणत. हा साप तिनेच अंगणातल्या कुंड्यांखाली पकडला होता. त्याच वर्षी ती तापाने गेली, आठ वर्षांची होती. मग सरांनी सापाला तिचं नाव दिलं.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं झालं. सोपी वाट होती. 'निर्णयासाठी अधिक नमुने हवेत' असं एक वाक्य लिहायचं आणि हात झटकायचे. परीक्षक चरफडला असता, पण गप्प बसला असता. बाईंनी ते वाक्य दोनदा लिहिलं आणि दोनदा खोडलं. मग त्यांनी सरांना फोन केला.

सर आले ते त्यांच्या पत्नीचा, काकूंचा हात धरून. डोळे अगदीच अधू झालेले, हातात काठी, पण शर्टाची इस्त्री कडक. त्यांना खुर्चीत बसवून काकू बाहेर आल्या आणि त्यांनी बाईंना हात धुवायच्या बेसिनपाशी गाठलं.

"फोनवर तुझा आवाज ऐकला आणि मला कळलं. काय निघालंय त्या बरणीत?"

"अजून काही निघालं नाही, काकू."

"मग काढू नकोस." काकूंचा आवाज अगदी खाली होता. "तिचे कपडे कधीच देऊन टाकले. फोटो दोन, त्यातल्या एकात ती हललीय. तिच्या वर्गातल्या पोरींना आता पोरं झाली, त्यांना तरी ती कुठे आठवत असेल? तिचं नाव जगात एकाच ठिकाणी छापलेलं आहे, बाई. ते तुझ्या बरणीवर आहे. ते तेवढं राहू दे."

याच काकूंच्या घरी बाईंनी शिकताना कितीतरी वेळा जेवून हात धुतले होते, आणि आता त्यांच्याच लेकीच्या नावावर बोळा फिरवायला निघाल्या होत्या. त्यांना स्वतःचाच राग आला.

आत सरांची बोटं बरणीवर फिरत होती.

"दोरा कुणी सोडला?"

"मी, सर."

"मला विचारलं होतंस?"

"नाही."

"मूळ नमुना आहे तो! हेच शिकवलं का मी तुला?"

"तुम्ही शिकवलंत की चित्रावर विश्वास ठेवू नकोस, नमुना बघ."

"वा! गुरूची विद्या गुरूला!" सरांनी काठी फरशीवर आपटली. "माझ्या डोळ्यांनी बघितलाय मी तो. तेव्हा डोळे धड होते माझे. पट्टा नाही त्याला. नाही म्हणजे नाही."

"सर, तो कातीला आलेला आहे."

बाहेर व्हरांड्यात कुणीतरी खुर्ची ओढत नेली, तो आवाज लांबपर्यंत ऐकू आला.

"कात?" सर म्हणाले.

"मानेपाशी जरा सुटलीय. खाली दुसरी कातडी आहे."

सरांचा चेहरा पडला. नाव जाणार म्हणून पडावा तसा तो नव्हता, दुसरंच काहीतरी होतं. बाई घाबरल्या, त्यांनी पाण्याचा पेला पुढे केला. सरांनी तो बाजूला सारला.

"काढ ती कात."

"नाही!" काकूंनी बरणी उचलून छातीशी धरली. "काय हौस आहे तुम्हाला? पोर तर गेलीच, आता नावही आपल्याच हातांनी पुसायचं?"

"दे ती."

"नाही देणार."

"मला कळायला हवं," सर म्हणाले. आवाजातली सगळी ऐट गेली होती. "का कळायला हवं ते तुला चांगलं माहीत आहे."

काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी बरणी टेबलावर ठेवली, पण हात झाकणावरून लगेच काढला नाही.

बाईंनी साप पांढऱ्या ट्रेमध्ये ओल्या कापडावर ठेवला. सगळ्यात बारीक चिमटा घेतला. मूळ नमुन्याची चिमूटभरही कातडी काढायची नसते, हा या धंद्याचा पहिला नियम, आणि तो त्या ज्यांच्याकडून शिकल्या त्यांच्याच समोर मोडत होत्या. इतक्या वर्षांत कात वाळलेल्या डिंकासारखी घट्ट बसली होती. ओढताना खालचा खवलाही सोबत आला तर पट्टा होता की नव्हता ते कायमचं गेलं असतं. मग नाव तसंच लोंबकळत राहिलं असतं आणि नमुनाही नासला असता. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं.

पहिला तुकडा चिमट्यात येऊन मोडला. बाईंनी थेंबभर स्पिरिट सोडलं, थांबल्या.

"कोरडी ओढू नकोस," सर म्हणाले. "शेपटीकडे ओढ. डोक्याकडे नाही."

"हो, सर."

दुसरा तुकडा आला. कांद्याच्या सालीसारखा पातळ, आणि त्याच्याखाली गडद तपकिरी. बाईंचा जीव भांड्यात पडला. पट्टा नाहीये! मग तिसरा तुकडा सुटला आणि त्याच्याखाली फिकट डाग दिसला.

पिवळा रंग स्पिरिटमध्ये टिकत नाही, उतरून सायीसारखा होतो. हा तसाच होता. पण एक डाग म्हणजे पट्टा नव्हे. बाईंनी साप पालथा केला आणि दुसऱ्या बाजूची कात सोडवायला घेतली. कपाळावरून घाम ओघळून भुवईत अडकला होता, पुसायला हात मोकळा नव्हता. काकू मागे उभ्या होत्या, त्यांचा श्वास बाईंना मानेवर जाणवत होता. कात सुटत गेली तशी फिकट रेघ पुढे सरकत गेली, आणि मानेच्या वर दोन्ही टोकं एकमेकांना मिळाली.

"आहे?" सरांनी विचारलं.

बाईंनी भिंगावरून डोळा काढला नाही. सरांना दिसत नव्हतं. काकूंना यातलं काही कळण्यासारखं नव्हतं. 'नाही' म्हटलं असतं तर त्या खोलीत त्यांना खोटं पाडणारं कुणी नव्हतं, आणि तो शब्द अगदी जिभेवर आला होता.

"आहे, सर," त्या म्हणाल्या. "पूर्ण मानेभोवती."

सरांनी दोन्ही हात तोंडावरून फिरवले. बाईंना वाटलं, आता ओरडतील. ते ओरडले नाहीत.

"म्हणजे तिने बघितला होता," ते म्हणाले.

"कुणी, सर?"

उत्तर काकूंनी दिलं. "बिटकीने. बिस्किटाच्या डब्यात माती घालून पाळला होता तिने तो, आमच्या नकळत. मेला तेव्हा बापाचं बघून बघून आपणच स्पिरिटच्या बाटलीत टाकला आणि नाचत आली. बाबा, याच्या गळ्यात पिवळी पट्टी होती, आधी होती, मग धूसर झाली." काकू थांबल्या. "आणि हे काय म्हणाले, विचार यांना."

"म्हणालो, खोटं बोलू नकोस." सर फरशीकडे बघत होते. "मला वाटलं, माझ्या पुस्तकात गळपट्ट्याचं चित्र बघून ठोकतेय. माझ्या हातात आला तेव्हा तो बाटलीतच होता, पट्टा कुठे दिसत नव्हता. ती ऐकेना. आधी होती, आधी होती, एकच धोशा. मी चिडलो. कबूल करेपर्यंत तिला कोपऱ्यात उभं केलं."

"कबूल केलं का तिने?" बाईंनी विचारलं आणि विचारल्याचा त्यांना लगेच पश्चात्ताप झाला.

"शेवटी केलं," काकू म्हणाल्या. "पाय दुखायला लागले म्हणून. रात्री माझ्या कुशीत येऊन म्हणाली, आई, मी खोटंच बोलले की मी खोटं बोलले." त्यांनी पदराने डोळे टिपले. "इतकी वर्षं या घरात आम्ही दोघं त्यावर एक अक्षर बोललो नाही."

सर रडत होते. म्हाताऱ्या माणसाचं रडणं, आवाज नाही, नुसते खांदे. बाईंना काय करावं सुचेना. त्यांनी ओलं कापड सापावर नीट पांघरलं, कारण नमुना सुकला असता.

काकूंनीच खुर्ची ओढली आणि त्या टेबलापाशी बसल्या. "लिही."

"काय लिहू, काकू?"

"जे निघालं ते. नाव जाऊ दे."

"पण मघाशी तुम्हीच..."

"मघाशी मला कुठे ठाऊक होतं यातून काय निघणार ते! बरणीवर नाव राहून काय करू, पोर खोटी पडली असेल तर? ती खरं बोलत होती, हे येईल का कुठे तुमच्या त्या छापील लेखात?"

बाईंनी लेखाचे कागद पुढे ओढले. येत होतं. प्रत्येक नमुन्याच्या वर्णनात 'जिवंतपणीचा रंग' अशी एक ओळ असते, आणि ज्याने साप पकडला त्याची, म्हणजे संग्राहकाची साक्ष तिथे धरतात. सरांच्या जुन्या लेखात ती ओळ कोरी होती. बाईंनी आधी सरांचं नाव गळपट्ट्याच्या नावाखाली रद्द नावांमध्ये नेलं. मग त्या कोऱ्या ओळीवर आल्या आणि लिहून वाचून दाखवलं: "मानेभोवती पिवळा पट्टा, संग्राहकाच्या सांगण्यावरून." पुढे बिटकीचं पूर्ण नाव घातलं, आडनावासकट.

सर डोळे पुसून सरळ बसले. परीक्षेचे पेपर तपासताना बसायचे तसे.

"सांगण्यावरून नाही," ते म्हणाले. "खोड ते. 'संग्राहकाने स्वतः पाहिलेला' असं लिही."

बाईंनी खोडलं आणि तसं लिहिलं. मग त्यांनी साप बरणीत उतरवला आणि लाल दोरा घेतला. नाव रद्द झालं तरी मूळ नमुना मूळच राहतो, त्याचा दोरा कुणी काढत नाही. तो बांधायला त्यांनी बरणी सरांच्या हातात दिली. सरांना गाठ दिसेना, म्हणून काकूंनी दोऱ्यावर बोट धरलं.

"पुन्हा वाच ते," काकू म्हणाल्या.

बाईंनी पुन्हा वाचलं.