गॉथांची पद्मावती

जिनदत्तला इतिहासात कधीच गती नव्हती. शाळेत सनावळ्या पाठ करताना त्याच्या डोळ्यांवर झापड यायची, आणि दहावी झाल्यावर तो जो तासगावजवळच्या आपल्या द्राक्षबागेत शिरला तो शिरलाच. त्यामुळे शुक्रवारी सकाळी त्याची मुलगी चंदना पुण्याहून आली आणि चहाचा कप हातात असतानाच म्हणाली, "पप्पा, आपल्या देव्हाऱ्यातली पद्मावती ही पद्मावती नाहीये," तेव्हा पोरीला प्रवासाचं ऊन लागलं असावं असंच त्याला आधी वाटलं.

"मग कोण हाय?"

"रोमन लोकांची विजयदेवता. तीही अस्सल नाही. गॉथ नावाच्या लोकांनी केलेली नक्कल आहे. बहुतेक."

ही पद्मावती म्हणजे रुपयाएवढं सोन्याचं नाणं. वरच्या बाजूला दोन भोकं पाडलेली. जिनदत्तच्या पणजीच्या पुतळ्यांच्या माळेत ते होतं म्हणे. माळ वाटण्यांमध्ये विखुरली, हे एक नाणं तेवढं देव्हाऱ्यात राहिलं, कारण त्यावर एक बाई उभी होती. तिच्या खांद्यामागून काहीतरी उगवलं होतं, तो नागाचा फणा. हातात उंच दांडा होता, तो अंकुश. आणि कडेनं बारीक अक्षरं होती, ती हळेकन्नड, म्हणजे जुनी कानडी. हळेकन्नड घरात कुणालाच येत नव्हतं, त्यामुळे शंका काढायचा प्रश्नच नव्हता. दर शुक्रवारी तिला हळदकुंकू वाहिलं जायचं, तेलाचा दिवा लागायचा आणि सगळं सुरळीत चाललं होतं.

चंदना पुण्यात प्राचीन इतिहासाची एम.ए. करत होती. दिवाळीत तिनं नाण्याचे फोटो काढले आणि आपल्या सरांना दाखवले. सरांनी चार महिने घेतले, पण निकाल दिला. फणा नव्हे, पंख. अंकुश नव्हे, क्रूस. आणि अक्षरं कुठल्याच भाषेतली नव्हेत. नाणं करणाऱ्याला लिहितावाचता येत नसावं, त्यानं रोमन नाणं समोर ठेवून नुसत्या रेघोट्या ओढल्या होत्या. भोकं होती ती गळ्यात घालायला.

"गॉथ म्हंजे कुठली माणसं?" जिनदत्तनं विचारलं.

"जर्मॅनिक लोक. आजच्या जर्मनीशी तसा थेट संबंध नाही. गॉथ, व्हँडल, फ्रँक असे बरेच होते. दीड हजार वर्षांपूर्वी, रोमच्या सरहद्दीवर."

"म्हंजे रोमचं दुश्मन."

"दुश्मन, आणि रोमच्या फौजेत नोकरीलाही. कधीकधी रोमकडूनही गॉथ आणि समोरूनही गॉथ."

जिनदत्तनं कपाळाला हात लावला. "ह्ये आपल्या कारखान्याच्या निवडणुकीसारखं झालं की गं. आन ज्या राजाशी भांडायचं, त्येचंच नाणं गळ्यात घालायचं?"

"त्यात ताकद असते, ते आपल्याला जपतं, असं त्यांना वाटायचं."

"मग ते हितं तासगावात कसं आलं?"

"ते सरांनाही माहीत नाही. जहाजातून आलं असेल, कुणाच्या तरी हातून. आणि खरं सांगायचं तर ते गॉथांनीच केलं हेही शंभर टक्के नाही."

एवढं ऐकून जिनदत्तच्या डोक्यात पार काला झाला. पण त्या काल्यातून एकच गोष्ट हळूहळू वर आली, आणि ती आली तसा तो चहा प्यायचा थांबला. ही जर पद्मावती नसेल, तर अव्वाच्या नियमाचं काय?

अव्वा म्हणजे त्याची आई, राजमती. वय बहात्तर. तीन वर्षांच्या जिनदत्तला मेंदूज्वर झाला होता तेव्हा मिरजेतल्या डॉक्टरांनी आशा सोडली होती. राजमतीनं ते नाणं मुठीत धरून नियम घेतला होता. पोर जगलं तर जन्मभर द्राक्ष तोंडाला लावणार नाही. जैनांच्या घरात नियम घेणं नवीन नाही, कुणी बटाटा सोडतं, कुणी गूळ. पण सासऱ्यांनी नवी बाग लावलेली, आणि द्राक्ष म्हणजे राजमतीचा जीव की प्राण. तिनं तेच सोडलं. पोर जगलं. आता ते सेहेचाळीस वर्षांचं झालं होतं आणि त्याच्या बागेची द्राक्षं परदेशी जात होती. अव्वानं मात्र त्यातला मणी चाखला नव्हता, बेदाणासुद्धा नाही.

हे जिनदत्तनं कधी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं, पण दर हंगामात त्याला त्याचा त्रास व्हायचा. पहिला घड देवीपुढे जायचा, मग घरात वाटला जायचा, आणि वाटताना अव्वाचा हात स्वतःला चुकवून पुढं सरकायचा. तो हात बघितला की त्याला खाल्लेलं गोड लागत नसे.

आता सांगावं की न सांगावं? सांगितलं तर आईची देवी जाते, नाही सांगितलं तर आईचं द्राक्ष जातं. तो उठला, बसला, पुन्हा उठला. शेवटी म्हणाला, "चल, तूच सांग तिला. मला गॉथ-बिथ काय जमायचं न्हाई."

अव्वा सोप्यात बसली होती. समोर द्राक्षांचं क्रेट, हातात बारीक कात्री. घडातले डागी मणी कापून काढायचं काम ती अजून कुणाला देत नसे. चंदनानं तिच्याजवळ बसून सगळं सांगितलं. पंख सांगितले, क्रूस सांगितला, रेघोट्या सांगितल्या. अव्वाची कात्री चालूच होती.

"देवी न्हाई म्हणतीस?"

"नाही, अव्वा."

"बरं. आन ती केली त्या लोकांचं काय झालं पुढं?"

जिनदत्तला हा प्रश्न अपेक्षित नव्हता. चंदनालाही नसावा. ती जरा घुटमळली. "लांबची गोष्ट आहे. हे नाणं व्हायच्या आधीच्या पिढ्यांतली. गॉथांच्या मागं दुसरे लोक लागले होते, म्हणून ते बायकापोरं घेऊन एक मोठी नदी ओलांडून रोमच्या राज्यात आले. आश्रय मिळाला, पण खायला नव्हतं. तिथले अधिकारी त्यांना…" ती थांबली. "अव्वा, आपल्या घरात बोलू नये असं आहे."

"बोल."

"कुत्र्याचं मांस द्यायचे. आणि त्याच्या बदल्यात पोरं घ्यायचे, गुलाम म्हणून. आईबापच द्यायचे. निदान पोरगं कुठंतरी जिवंत राहील म्हणून."

कात्री थांबली.

"पोर जगावं म्हणून पोरच दिलं," ती म्हणाली. "आन मी नुसती द्राक्षं सोडली."

जिनदत्तचा बेत भलतीकडेच चालला होता. "अगं अव्वा, तसं न्हाई. ती देवीच नव्हं, मग नियम कसला? आजपास्नं सुटलीस तू. खा."

"देवी दुसरी निघाली म्हणून काय झालं?" अव्वा म्हणाली. "पोरगं तर त्येच हाय की."

जिनदत्तला आईच्या म्हणण्यात खोट सापडेना, आणि मान्य तर करवेना. मग त्याचं त्यालाच कळलं नाही आणि तो ओरडला.

"तुला लय बरं वाटतंय गं सोडून! माझं काय? दर साली तू हात चुकवतीस, आन मला वाटतंय माझं जगणं तुझ्या ताटातनं उचलून आणलंय. मी सांगितलं हुतं व्हय तुला? तीन वर्साचा हुतो मी!" त्याचा आवाज फाटला. "आता ऐक. जवर तू खात न्हाईस, तवर मी बी द्राक्ष खाणार न्हाई. नियम घेतला मी. बेदाणा बी न्हाई."

"खुळा का काय तू!" अव्वा कात्री टाकून उठली. "राबतोस उन्हातान्हात, आन आपल्या बागंचं तूच खाईनास? माझ्यानं बघवंल व्हय ते?"

"आता कळलं कसं वाटतंय?"

चंदनानं दोघांकडे बघितलं. कुणीच कुणाकडे बघत नव्हतं. त्रेचाळीस हंगाम गेले, आणि आपल्या हाताकडे पोरगं टक लावून बसलंय हे अव्वाच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. तिनं मोरीत जाऊन हातपाय धुतले आणि देव्हाऱ्यापुढे उभी राहिली. ती हळू बोलत होती, तरी सोप्यात ऐकू येत होतं.

"बाई, तू पद्मावती असशील तर तुला ठावंच हाय. आन तिकडची कोण असशील तर तुझ्यापुढं बी आया रडल्या असतीलच. नियम सोडते. पोरगं ऐकत न्हाई. राग धरायचा तर माझ्यावर धर, त्येच्यावर नगं."

ती परत आली. क्रेटमधला एक मणी तिनं तोडला, क्षणभर चिमटीत धरला आणि तोंडात टाकला. बराच वेळ चघळला.

"बी न्हाई," ती म्हणाली.

"अव्वा, किती वर्सं झाली, बी नसलेलीच बाग हाय आपली. रोज तूच कापतीस की."

"मला ठावं हाय रं. पण जिभंला ठावं नव्हतं."

चंदना हसली. जिनदत्तलाही हसू येत होतं आणि डोळेही भरत होते, दोन्हींतलं कुठलं आधी आवरावं ते त्याला कळेना. तेवढ्यात अव्वानं हात पुढे केला आणि ताप बघावा तसा त्याच्या कपाळावर ठेवला. मग गळ्यावर. मग पुन्हा कपाळावर. सेहेचाळीस वर्षांचा तो बागायतदार जागचा हलला नाही. ती बोटं रसानं चिकट झाली होती.

"गार हाय," ती म्हणाली, आणि तिनं दुसरा मणी तोडला.