भाग्यलक्ष्मीच्या झोपेतला माणूस

वडगावच्या मंगल कार्यालयात मुंगीला शिरायला जागा नव्हती. व्यासपीठावर निद्रानंद महाराज बसले होते. समोरच्या माणसाच्या कपाळाला तारांचा पट्टा बांधला की मागच्या पडद्यावर लाटा उसळत आणि महाराज त्याचं कालचं स्वप्न वाचून दाखवत.

"जीभ खोटं बोलंल, मेंदू न्हाय," ते म्हणत. "आन् हे तरंग वाचणारा हजार वर्षांतनं एकदाच जल्मतो, बाळांनो." बाळं हात जोडत.

आमचा शेजारी नागोजी यंत्रमागावर साड्या विणतो. बायको भाग्यलक्ष्मी मच्छे गावच्या कारखान्यात कामाला जायला लागल्यापासून त्याच्या जिवाला घोर लागला होता. ती कुणाशी हसली, झोपेत काय पुटपुटली, सगळ्यावर त्याचा डोळा. शेवटी त्यानं तिला महाराजांपुढं बसवलं.

महाराजांनी डोळे मिटले. "पुरुष दिसतोय. नाव 'शा'वरनं."

"शामूच," नागोजी म्हणाला. शामू कारखान्याच्या बसचा ड्रायव्हर. दुसऱ्या दिवसापासून नागोजीनं तिचं काम बंद केलं. ती तीन दिवस धड जेवली नाही.

माझी मुलगी चिन्मयी झोपेवर संशोधन करते. कुणीतरी मोबाइलवर काढलेला व्हिडिओ तिनं पाहिला. "बाबा, भाग्यलक्ष्मीआक्का जागी बसलीय आणि पडद्यावर गाढ झोपेच्या लाटा आहेत. आणि ही झोप माझी आहे."

एका प्रयोगासाठी तिनं स्वतःच्या मेंदूची नोंद दिली होती. अशा नोंदी परवानगीनं, नाव काढून, इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुल्या ठेवतात. त्या वेळी तिच्या डोक्यावरची एक तार निसटली होती आणि तिथं रेघ सपाट झाली होती. व्हिडिओतही तीच सपाट रेघ होती.

रविवारी आम्ही नागोजी आणि भाग्यलक्ष्मीला घेऊन परत मंगल कार्यालयात गेलो. चिन्मयीनं पिशवीतून भोपळा काढला, खुर्चीत ठेवला आणि महाराज काही बोलायच्या आत त्याला पट्टा बांधला. लाटा उसळल्या. ठरल्या जागी रेघ सपाट झाली. लोक हसायला लागले, महाराज मागच्या दाराकडं सरकले.

"मग शामूचं नाव कसं कळलं त्यास्नी?" नागोजीनं विचारलं.

"आत येताना कागद भरून घेतला ना, अण्णा? 'संशय कुणावर', तिथं काय लिहिलंत?" चिन्मयीनं विचारलं.

"शामू," नागोजी पुटपुटला.

"तुमी त्या म्हाराजाला इचारलासा," भाग्यलक्ष्मी म्हणाली. "मला न्हाई."

सोमवारी ती कामावर गेली. नागोजीचा मत्सर गेलाय असं मी म्हणणार नाही. बस वळेपर्यंत तो दारात उभा असतो. पण एवढं ध्यानात ठेवा: झोप गाढ की हलकी हे यंत्र सांगतं, त्यात कुणाचं नाव उमटत नाही. शंका आली तर त्या माणसालाच विचारा. आणि चमत्कार दिसला तर हात जोडायच्या आधी पडद्यामागं जाऊन बघा.