शेषरावले टीबीच पाहिजे होता

माह्या नवऱ्याले, शेषरावले, दमा लहानपनापासूनच. पन त्या साली खोकताना कफाच्या भुरकट गाठी पडू लागल्या अन् धाप थांबेचना. तेल्हाऱ्याच्या डाक्टरनं टीबीचा कोर्स दिला. फरक नाही. म्हने, पुन्हा घ्या. अवो, कफात जंतू सापडत नाहीत, तरी कोर्सवर कोर्स! मी वैतागली अन् त्याले ओढत अकोल्याले नेलं.

तिथल्या डाक्टरीनबाईनं हातावर बारीक सुया टोचल्या. एक जागा निंबोळीएवढी टरारून फुगली. मंग रक्त तपासलं, छातीचा फोटो पाहिला. "टीबी नाही," बाई म्हनाली. "हवेतली बुरशी श्वासातून आत जाते. दम्याच्या एखाद्या माणसाला ती सोसत नाही, अंग तिच्यावर चवताळतं. घरात बुरशी कुठे आहे?"

"कुठंच नाही," शेषराव म्हने.

मी पाहतच राहिली! भाव नाही म्हनून साऱ्या गावानं कापूस घरात भरला होता, तसा आमीबी, पार आढ्यापर्यंत. कापूस घरात अन् आमी अंगनात. छत गळलं, खालचा थर काळा पडला, अन् चोराच्या भेवानं हा बाबा तेवढा आत, रोज त्याच्यावरच झोपे.

"खोटं काहून बोलता?" म्हनलं मी, अन् सारं सांगून टाकलं.

"मग आधी कापूस हलवा," बाई म्हनाली.

शेषरावनं हात जोडले. "म्याडम, भाव येऊन राहिला. तुमी मले टीबीच लिहा. टीबीले कापूस चालते."

"जीव जाईन तुमचा!" मी वरडली.

"भाव आल्यावर जाऊ दे," तो म्हने. भरल्या दवाखान्यात!

शेवटी बाईनं त्याले भरती करून गोळ्या चालू केल्या. मी घरी आली, बैलबंड्या लावल्या अन् सारा कापूस भेटला त्या भावात इकला. काळा थर गावाबाहेर गाडला, भिंतीले चुना मारला. भाव काय भेटला ते मले इचारू नका.

तो येष्टीनं आला. रिकामं घर पाहिलं अन् सुरू झाला. माहा बाप, माही माय, माहे भाऊ, कोनालेच सोडलं नाही. शेजारची मनकर्णाबाई धावत आली. "अवो, थांबव त्याले!"

"बोलू दे वो माय," म्हनलं मी. अंगनभर फिरून शिव्या देऊन राहिला होता, एका दमात, न खोकता. माह्या डोळ्याले धार लागली. मी लोटाभर पानी त्याच्या हाती देल्लं.

"घ्या, पानी प्या," म्हनलं. "माही मावशी राहिली."