अबोलीला खारं पाणी

“अगो, बोलत नाय म्हणान ती मुकी नाय हां! तिच्या सुकल्या शेंगेक पाण्याचो थेंब लागांदे, मगे आयक कशी बोलता ती.”

हा आवाज सासूबाईंचा. विक्रोळीच्या बैठ्या चाळीत, दारातल्या पत्र्याच्या डब्यात त्यांनी गावाहून आणून लावलेली अबोली होती आणि त्या बोलत होत्या त्या अबोलीबद्दलच. पण उंबऱ्याशी तांदूळ निवडत बसलेल्या नव्या सुनेला, रत्नप्रभाला, वाटलं की हा टोमणा आपल्यालाच. वाटणारच. लग्नाला आठवडा झाला तरी तिच्या तोंडून ‘हो’, ‘नको’ आणि ‘मीठ वाढू?’ यापलीकडे शब्द फुटला नव्हता. परकरी नणंद मालन शेजारीच बसली होती. ती फिदीफिदी हसली आणि तिनं तिथल्या तिथे बारसं करून टाकलं, “अबोली वैनी!”

नाव चिकटलं ते चिकटलंच. पुढे रत्नप्रभा महापालिकेच्या शाळेत विज्ञान शिकवायला लागली, वर्गात धबधब्यासारखी बोलायला लागली, तरी मालनच्या लेखी ती अबोलीच राहिली. आणि मालनचं खोटं नव्हतं. फुलपाखराच्या चार अवस्था रत्नप्रभाबाई एका दमात सांगत. आपल्या मनाची एक अवस्था सांगायची झाली, की घसा बसे.

चाळीच्या जागी आता टॉवर आहे. सासूबाई गेल्या, रत्नप्रभाबाईंचे यजमान चंद्रप्रकाश, मालनचे अण्णा, तेही दोन वर्षांपूर्वी गेले. चाळ पाडायच्या आधी त्यांनी डब्यातल्या अबोलीची फांदी मातीच्या कुंडीत रुजवली होती. ती कुंडी चौदाव्या मजल्यावरच्या गॅलरीत आली, आणि तिच्या शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत रत्नप्रभाबाई. दोघीही कुणाशी न बोलता ऊन खायच्या.

मग मालन आली. दहिसरला मुलाकडे राहणारी ही विधवा नणंद मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी म्हणून आली होती. विक्रोळीतला डॉक्टर चांगला, आठ दिवसांचा तर प्रश्न, असं म्हणत. त्याला दीड महिना होऊन गेला. डोळा कधीच बरा झाला होता, पण काळा चष्मा अजून नाकावर होता. घरात सकाळी रेडिओ लागायला लागला, तव्यावर मासे चरचरायला लागले, आणि एका कपाऐवजी दोन कप विसळावे लागायला लागले.

आता मात्र रविवारी सर्वेश, मालनचा मुलगा, आईला न्यायला येणार होता. ‘राहा’ म्हणायचं रत्नप्रभाबाईंच्या मनात होतं. जिभेवर येत होतं, परत खाली जात होतं. आणि मालन आपण होऊन राहते म्हणणार नव्हती. माहेरी राहायचं तर वैनीनं म्हणावं लागतं. आई नाही, अण्णा नाही, आता माहेर म्हणजे ही एकटी वैनी. आणि ती तर अबोली.

शनिवारी सकाळी मालननं चहाचा घोट घेतला आणि गायला सुरुवात केली:

*वैनीच्या चहात बाई, पाणी झालं खोल,*
*साखरेच्या होडीचा गं, गेला बाई तोल!*

“दूध ओट्यावर आहे, घे हवं तेवढं,” रत्नप्रभाबाई म्हणाल्या.

“दूध नको. जरा हस. उद्या जाणार मी, मग कुणाला तोंड वाकडं करून दाखवशील?”

रत्नप्रभाबाईंनी तोंड गॅलरीकडे वळवलं. आणि तसंच राहू दिलं, कारण तिकडे पाहण्यासारखं खरोखरच काही होतं. अबोलीनं मान टाकली होती. पानं हिरवेपणा जाऊन फिकट झालेली, कडा करपलेल्या. नारिंगी फुलं चिमलेली. वाळक्या तुऱ्यांवर शेंगा तेवढ्या ताठ.

“हिला पाणी नाही घातलंस?”

“घातलं ना! रोज घालते, सकाळी.” मालनची मान जरा जास्तच जोरात हलली.

रत्नप्रभाबाईंनी मातीत बोट खुपसलं. माती ओली चिंब. मग हे काय? पायाशी पाणी, आणि रोप तहानेनं मरतंय?

मालनला गाणं सुचायला वेळ लागत नाही. पण या वेळी आवाज खाली आला होता:

*अबोली गं बाई, तुझी मान का गं खाली,*
*पाणी पायापाशी, तरी तहान का गं झाली?*

“वैनी, तू विज्ञानवाली ना? सांग मग. खालून आपला पंप घरघरतो तेव्हा चौदाव्या मजल्यावर नळाला पाणी येतं. हिला कुठला पंप? पाणी वर चढतं तरी कसं?”

शिकवायचं म्हटल्यावर रत्नप्रभाबाईंचा घसा मोकळा झाला. “पंप खालून ढकलतो. झाड वरून ओढतं. पानाला खालच्या अंगाला बारीक बारीक तोंडं असतात, डोळ्यांना न दिसणारी. त्यातून पान वाफ सोडतं. वर पाणी गेलं, की मागचं पाणी त्याच्या पाठी सरकतं, त्याच्या मागचं त्याच्या पाठी. देठातून, दांड्यातून, पार मुळापर्यंत. पाणी पाण्याचा हात सोडत नाही. म्हणून वरच्या पानाची ओढ खालच्या मुळाला कळते.”

“ओढ!” मालन खुश झाली. “हे बरं आहे. आम्हाला वाटायचं, ओढ फक्त माहेरची लागते.”

“आणि पाणी कमी पडायला लागलं, की पान तोंडं मिटून घेतं. असेल तेवढं आत धरून ठेवायला. पण मिटून बसलं, की ओढही थांबते. खालचं पाणी मग वर येत नाही.”

“म्हणजे तुझ्यासारखंच की,” मालन म्हणाली, आणि कप घेऊन आत गेली.

त्या दिवशी रत्नप्रभाबाईंनी कुंडी सावलीत ओढली आणि पाणी बंद ठेवलं. मूळ कुजलं असेल, असा त्यांचा अंदाज.

रविवारी सकाळी अंदाज चुकला. समोरच्या घरातल्या नीलमची मांजर कुंडीपाशी बसून माती हुंगत होती. ही तशी लाडावलेली, पिशवीतल्या दुधावर वाढलेली मांजर. तिला मातीत काय रस? रत्नप्रभाबाई वाकल्या. कुंडीच्या काठाला पांढरी खपली धरली होती. त्यांनी बोट लावलं, जिभेवर ठेवलं.

खारट. आणि त्यामागून हळूच येणारा एक ओळखीचा वास.

“मालन!”

मालन बॅगची चेन लावत होती. आली ती चोरपावलांनी.

“खारे बांगडे भिजवलेलं पाणी कुठे टाकतेस गं तू?”

मालननं काळा चष्मा नीट केला. “टाकू कशाला? एवढा कस असतो त्यात.”

“हिच्यात ओतलंस?”

“वैनी, आईचं बघितलंय मी! गावी माड लावताना खड्ड्यात मीठ घालायची ती. मोठ्या माडांच्या बुंध्याशीपण घालायची. असे नारळ धरायचे! आणि ताजे मासे धुतलेलं पाणी तूपण घालायचीस ना कढीपत्त्याला?”

“ताजे, मालन. खारे नव्हे. आणि ही अबोली आहे, माड नव्हे. माड समुद्राकाठचा, त्याला चालतं. काकडीला मीठ लावून ठेवलं की काय होतं?”

“पाणी सुटतं.”

“का सुटतं? मीठ पाण्याला आपल्याकडे खेचतं म्हणून. एरवी मुळातला रस बाहेरच्या पाण्याहून दाट असतो, म्हणून पाणी मुळात शिरतं. तू बाहेरच खारट केलंस. आता मूळ पाण्यात बसलंय आणि त्याला घोट घेता येत नाही. अबोलीची कोशिंबीर केलीस तू.”

एरवी मालननं यावर चार ओळी रचल्या असत्या. पण तिनं चष्मा काढला आणि पदराला डोळे पुसले.

“अण्णांच्या हातची आहे ना ती,” ती म्हणाली. “मला वाटलं, मी गेल्यावर भरभरून फुलेल. तू एकटी बसशील इथे, तर तुला निदान फुलं तरी.”

रत्नप्रभाबाई बादली आणायला आत गेल्या.

गोडं पाणी कुंडीवर सावकाश ओतायचं, मुळांतून निथळू द्यायचं, खालून मीठ वाहून जाऊ द्यायचं, परत ओतायचं. दोघी उकिडव्या बसल्या. मालन तांब्यानं ओतत होती, वैनी खालचं तबक रिकामं करत होती. मग रत्नप्रभाबाईंनी कात्री घेतली आणि खालची करपलेली पानं उतरवायला लागल्या.

“अगो, कापतेस काय तिला! आधीच तर...”

“पानं कमी झाली की मागणंही कमी. मुळांना जरा दम खाऊ दे. वरची ठेवलीत बघ मी.”

“जगेल?”

“माहीत नाही. महिनाभर रोज बघावं लागेल.”

“बघ मग.”

“मला एकटीला नाही जमायचं.”

“विज्ञानाच्या बाईंना एक कुंडी नाही जमायची? अरे वा!” मालन हसली, पण तांब्या तसाच हातात धरून थांबली. ऐकत होती.

फोन वाजला. सर्वेश खाली आला होता. “आई, वॉचमन गाडी उभी करू देत नाहीये, लवकर ये ना!”

“आले रे बाबा, आले.” मालननं फोन ठेवला. उरलेलं पाणी तिनं रोपाच्या डोक्यावरूनच ओतलं, पानांवरून, फुलांवरून, वाळक्या तुऱ्यांवरून. गुडघ्यावर हात टेकून ती उठली. “येते गं वैनी. चहात जरा दूध घालत जा.”

ती बॅगपाशी पोचली असेल नसेल.

*तट्!*

दोघींनी मागे पाहिलं. मांजर दोन हात उंच उडाली. *तट्! तट्-तट्!* ओल्या झालेल्या शेंगा एकामागून एक फुटत होत्या. बिया काचेवर आपटत होत्या, फरशीवर घरंगळत होत्या, आणि एक बी येऊन रत्नप्रभाबाईंच्या गालावर चापट मारावी तशी लागली.

“आई म्हणायची ते ऐकलंस?” मालन हळूच म्हणाली. बॅगचा पट्टा तिच्या हातात होता, पण खांद्यावर चढला नव्हता.

फोन पुन्हा वाजायला लागला. रत्नप्रभाबाईंनी तो उचलला, बंद केला, आणि ओल्या हातांनीच बॅगचा दुसरा पट्टा धरून आपल्याकडे ओढला.

“मालन, जाऊ नको गं. इथेच राहा, माझ्याकडे. मला करमत नाही तुझ्याशिवाय.”