भरावावरची खोली

पहार पहिल्याच घावात मुठीपर्यंत आत गेली आणि खोदणारा तोल जाऊन गुडघ्यावर आला. दगड लागला नाही, मुरूम लागला नाही, आवाजसुद्धा झाला नाही. त्याने पहार ओढून काढली. टोकाला काळा, ओला भुसा चिकटला होता.

"ताई, इथे खाली झाड आहे. कुजलेलं."

"झाड कसं असेल? अंगण आहे ते," धाकटी सून म्हणाली.

आठवडाभराच्या पावसानंतर आज कुठे उघडीप मिळाली होती. जिच्यासाठी तिने इतका हट्ट धरला, त्या शिवणाच्या खोलीचा पाया अंगणाच्या अगदी टोकाला खणायला घेतला होता. तिथून पुढे नुसता उतार, आणि उताराच्या पायथ्याशी थोरल्या दिराचं घर. इथे उजेड भरपूर, दार वेगळं, गिऱ्हाइकांना स्वयंपाकघरातून यायला नको. आता मध्येच हे काय काढलं याने?

खुर्चीत बसलेल्या सासऱ्यांनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला.

"आहेत झाडं," ते म्हणाले. "अंगण नव्हतंच इथे, उतार होता. सपाट करताना पाडलेली झाडं तशीच खाली ढकलली आणि वरून माती ओढली. तेव्हा सगळेच तसं करायचे."

"आणि हे आत्ता सांगताय, बाबा?"

"मला वाटलं, एवढ्या वर्षांत मुरली असेल माती."

खोदणाऱ्याचं लक्ष त्यांच्याकडे नव्हतं. जमीन न्याहाळत तो मागे मागे, स्वयंपाकघराच्या पायरीकडे चालला होता. मध्येच तो थांबला. अंगणात या कुंपणापासून त्या कुंपणापर्यंत सिमेंटची एक वाकडी पट्टी गेली होती. जमिनीला चीर पडली म्हणून धाकटीनेच ती गेल्या वर्षी भरली होती, आणि आपल्या हाताच्या सफाईवर खूशही झाली होती. आता त्या पट्टीला लागून बोट जाईल एवढी नवी फट होती, आणि फटीपलीकडचं अंगण तेवढंच खाली बसलं होतं. ती, बाबा, वाळूचा ढीग, विटांची चवड, सगळं त्या पलीकडच्या भागावर.

"ताई, तिकडून निघा," तो हळू आवाजात म्हणाला. "धावू नका. आजोबांना उठवा."

बाबांचं उठणं म्हणजे एक कार्यक्रमच असायचा. आधी काठी, मग एक गुडघा, मग दुसरा, मग थोडी कुरकुर. तिने त्यांच्या काखेत हात घातला. ते खुर्चीही बरोबर ओढू लागले. तिचा एक पाय मातीत रुतला होता.

"राहू द्या हो ती खुर्ची!" ती खेकसली, लग्नानंतर पहिल्यांदाच.

बाबांनी खुर्ची सोडली. तिने त्यांना पायरीवर आणून बसवलं. मागे चवडीवरची एक वीट कुणी हात न लावता घसरून पडली.

"छपराचं पाणी कुठे सोडलंय?" खोदणाऱ्याने विचारलं.

"इथेच. अंगणात."

"आणि खाली घर कोणाचं?"

"थोरल्याचं," बाबा म्हणाले. त्या घराशी वर्षभर बोलणं बंद होतं. खोली बांधू नका म्हणून थोरली जाऊ वर आली होती, तेव्हा धाकटीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या. माझं जरा बरं चाललंय ते यांना बघवत नाही, असं तिने नवऱ्याला ऐकवलं होतं. नवऱ्याने मान डोलावली होती. तो काय, कुणाच्याही म्हणण्याला डोलवायचा.

"बाबा, इथून हलू नका. मी जाऊन येते," ती म्हणाली.

रस्त्याने वळसा घालून ती खाली पोचली तेव्हा आभाळ पुन्हा भरून आलं होतं. जाऊ दारातच एका खोक्याला दोरी बांधत बसली होती.

"वहिनी, मागच्या खोलीत कोणी असेल तर आधी बाहेर काढा. वरचं अंगण..." तिला श्वास पुरेना.

"मागे कोणी नाही. बाबा कुठायत?"

"घरात. पायरीवर बसवलंय."

जाऊ उठली आणि तिला आत घेऊन गेली. मागच्या खोलीत एकही वस्तू नव्हती. उताराकडची भिंत मधोमध पोट सुटल्यासारखी आत आली होती आणि तिच्या बुडातून गढूळ पाणी झिरपत होतं.

"हे कधीपासून?"

"गेल्या पावसाळ्यापासून. तेच सांगायला दोनदा वर आले होते मी. पहिल्यांदा तू सांगू दिलं नाहीस. दुसऱ्यांदा मशीन थांबवलं नाहीस."

धाकटीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माफी मागायला तिने तोंड उघडलं, पण जाऊ तोवर बाहेर जाऊन पुन्हा खोक्यापाशी बसली होती.

"आम्ही आजच निघतोय," दोरी ताणत ती म्हणाली. "चौकापलीकडे, सपाटीवर जागा घेतलीय भाड्याने."

"बरं केलंत," धाकटी कशीबशी म्हणाली.

"आम्हा दोघांना एक खोली पुरली असती." जाऊने गाठ मारली, ओढून बघितली. "तीन घेतल्यात. बाबांना जिना नको, म्हणून तळमजल्यावरच्या. जा, आण त्यांना. आणि तुझं मशीनही."