नऊ नंबरची पाटी

मित्रांनो, मी एक जुनी पाटी आहे. दुकानावरची नव्हे आणि शाळेतलीही नव्हे. थाळीएवढी गोल लाकडी फळी, तिच्यावर पांढरा रंग आणि त्या रंगावर काळा नऊ, एवढाच माझा देह. व्हॉलीबॉलच्या सामन्यात एखाद्या खेळाडूला बाहेर बोलवायचं असलं, की तिच्या नंबराची पाटी दोन्ही हातांत धरून बदली खेळाडू रेघेपाशी उभी राहते. पंच शिट्टी वाजवतात, आतली बाहेर येते आणि बाहेरची आत जाते. म्हणजे माझं काम काय, तर नऊ नंबरच्या खेळाडूला बाहेर काढणं. आणि खरं सांगते, अकरा वर्षं मला कामच नव्हतं.

मला एका रंगाऱ्याने घडवलं. आम्हा अठरा बहिणींना त्याने पॉलिश पेपरने घासलं, रंगाचे दोन हात दिले आणि भिंतीच्या कडेला ओळीने वाळत ठेवलं. सहा आणि नऊ यांच्याखाली रेघ ओढायची असते हे त्याला कुणी सांगितलं नाही, आणि तोही शहाणा, त्याने विचारलं नाही. व्हायचा तो घोटाळा पहिल्याच मोसमात झाला. घाईघाईत कुणीतरी सहा नंबरची पाटी उलटी धरली आणि पंचांनी नऊ नंबरला बाहेर बोलावलं. आमचे सर, म्हणजे संघाचे प्रशिक्षक, बाकावरून ताडकन उठले आणि "अहो, ती नाही, ती नाही" करत थेट पंचांपर्यंत धावले. सगळं मैदान हसलं. संध्याकाळी सरांनी स्वतः काळ्या चिकटपट्टीची एकेक रेघ आम्हा दोघींखाली लावली आणि म्हणाले, "ही नवाची पाटी चुकूनसुद्धा वर जाता कामा नये."

त्या दिवसापासून मी पेटीच्या तळाशी गेले.

ही नऊ नंबरची खेळाडू एकोणीस वर्षांची असताना संघात आली. लांब हात, मोजकं बोलणं. सकाळी कचेरीत टपालावर शिक्के मारायची, दुपारी चारला सरावाला यायची. धाकट्या मुली तिला ताई म्हणत, आणि मीही तेच म्हणते. ताईने संघाला सहा करंडक मिळवून दिले. सात वर्षं ती कर्णधार होती. तिची उडी लोक भिंतीवर खडूने खूण करून मोजायचे आणि पुढच्या महिन्यात ती खूण पुसून वर काढायचे. पण तिचं नाव झालं ते आणखी एका गोष्टीमुळे. जाळ्यापाशी चेंडू अडवताना तो बोटाला निसटता लागून बाहेर गेला, तर गुण समोरच्या संघाचा होतो. असा स्पर्श कधीकधी पंचांनाही दिसत नाही. अशा वेळी ताई स्वतः हात वर करायची. लागला, गुण त्यांचा. सर कपाळाला हात लावत आणि म्हणत, "याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण." पण पुढे पुढे पंच रेषापंचाच्या निशाणाकडे न पाहता ताईच्या हाताकडेच पाहू लागले.

माझ्या बहिणींच्या कडा झिजल्या. त्यांचे रंग उडाले, त्यांच्यावर घामाचे डाग पडले. मी मात्र कोरी करकरीत राहिले. मला त्याचा फार अभिमान होता. माझ्या खेळाडूला कुणी हात लावत नाही, असं मी मनातल्या मनात मिरवत असे. आता त्या अभिमानाची मला लाज वाटते.

बाकावर शिडी नावाची एक खेळाडू होती. उंचीमुळे सगळ्या तिला शिडीच म्हणत. ती ताईच्या जागेची राखीव होती, म्हणजे मी वर गेले असते तरच ती आत गेली असती. सहा वर्षं ती माझ्या पेटीशेजारी बसून होती. ताई पडावी असं तिला वाटत असेल, असं लोक बोलायचे. मला तसं दिसलं नाही. उलट पहिल्यांदा लक्षात आलं ते तिच्याच.

कपडे बदलायच्या खोलीत चहा आला होता. ताईने उकळत्या चहाचा स्टीलचा पेला उजव्या हाताने काठाला धरला होता, खालची दोन बोटं पेल्याला घट्ट टेकली होती आणि ती कुणाशी तरी बोलत होती.

शिडी म्हणाली, "ताई, भाजत नाही का गं तुला?"

ताईने हाताकडे पाहिलं आणि पेला खाली ठेवला. "सवय आहे."

"कचेरीतल्या बाई सांगत होत्या, तुझ्या हातातून शिक्का पडतो म्हणे."

"पडतो कधीकधी. तू बोलू नकोस कुठे. फायनल झाली की दाखवते डॉक्टरांना."

ही फायनल झाली की, ती फायनल झाली की, असे दोन मोसम गेले. झाकली मूठ सव्वा लाखाची. सरांनी विचारलं नाही, कारण ताई गुण मिळवत होती. ताईने सांगितलं नाही, कारण दुखत नव्हतं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट फक्त गप्प झालं होतं.

मग ती फायनल आली. पंधरा गुणांचा शेवटचा सेट, बारा-बारा. समोरच्या कर्णधाराने जोरात चेंडू मारला, ताईने उडी घेतली, चेंडू तिच्या हातांवरून मागे बाहेर पडला. पंचांनी सवयीने ताईकडे पाहिलं. ताईचा हात खालीच होता. पंचांनी गुण आम्हाला दिला. मैदानात टाळ्या झाल्या.

समोरची कर्णधार जाळ्यापाशी आली. ती चिडली नव्हती. तिला आश्चर्य वाटत होतं.

"तुझ्या बोटाला लागला. मी पाहिलं," ती म्हणाली. "तू हात वर नाही केलास."

ताईने बोट डोळ्यांसमोर धरलं. करंगळीचं नख मुळापासून उलटलं होतं आणि रक्त मनगटापर्यंत आलं होतं. तिला काहीच कळलं नव्हतं. ती क्षणभर त्या बोटाकडे अशी बघत राहिली, जणू ते दुसऱ्याच कुणाचं तरी असावं. मग तिने तोच हात वर केला. पंचांनी गुण फिरवला. बारा-तेरा.

सरांनी वेळ मागून घेतला. "आजच करायचं होतं हे?"

"सर, मला बाहेर काढा."

"नखाला पट्टी लावू. दोन मिनिटांचं काम आहे."

"मला कळत नाहीये, सर. चेंडू लागला का नाही ते. दोन वर्षं झाली."

सर हळूच म्हणाले, "फार दुखतंय का?"

"दुखतच नाहीये," ताई म्हणाली. "दुखलं असतं तर बरं झालं असतं."

सर तरीही पट्टीच शोधू लागले. तेव्हा ताईनेच पेटी उघडली, वरच्या सगळ्या पाट्या बाजूला सारल्या आणि तळातून मला काढलं. शिडीच्या हातात दिलं. सहा वर्षं वाट पाहिली होती बिचारीने, पण तिच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. ती रेघेपाशी उभी राहिली आणि मी पहिल्यांदा माणसांसमोर वर गेले. समोर हजारो लोक होते. मित्रांनो, त्या वेळी मला मोठं काहीतरी वाटायला हवं होतं. काहीच वाटलं नाही.

शिडीने एक गुण मिळवला. नंतरचे दोन त्यांनी मिळवले आणि आम्ही हरलो. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आलं, की ऐन वेळी कर्णधाराने मैदान सोडलं. ताईने ते वाचलं, घडी घातली आणि दवाखान्यात गेली. हे सगळं पुढे शिडीनेच पेटी आवरताना मैत्रिणीला सांगितलं. डॉक्टरांनी ताईला डोळे मिटायला लावले, एकेक बोट दाबलं आणि कुठलं दाबलं ते विचारलं. तीन बोटं तिने बरोबर सांगितली. मग ती म्हणाली, "पुढचं दाबा ना." डॉक्टर उरलेली दोन्ही बोटं दाबून बसले होते.

खांद्यापाशी शीर दबली होती. शस्त्रक्रियेने हातातलं बळ वाचलं. त्या दोन बोटांसाठी मात्र उशीर झाला होता. दोन वर्षांपूर्वी आली असतीस तर, असं डॉक्टर म्हणाले. सगळेच डॉक्टर म्हणतात तसं.

पुढे पाट्यांच्या जागी विजेचे नंबर आले. माझ्या बहिणी कुठे कुठे गेल्या. एक म्हणे कुणाच्या माठावर झाकण आहे. मला ताईने मागून घेतलं. ती आता शाळकरी मुलींना शिकवते आणि मी तिच्या पिशवीत असते. दर सरावात ती मला वर धरून प्रत्येक मुलीला बाहेर बसवते, आणि सगळ्यांत चांगल्या मुलीला सगळ्यांत आधी. मग समोर बसून तिला डोळे मिटायला लावते आणि तिची बोटं दाबते. एकदा एका मुलीची आई भांडायला आली. "माझी मुलगी सगळ्यांत छान खेळते, मग तिलाच का बसवता?"

"तिला दुसरं कुणी बसवणार नाही म्हणून," ताई म्हणाली.

बाईंना ते पटलं नाही. त्यांनी मुलीला दुसऱ्या संघात घातलं.

मित्रांनो, तुमच्याही घरात, वर्गात असं कुणीतरी असेल, जे सगळ्यांत जास्त काम करतं आणि म्हणून ज्याला कधीच कुणी 'बस' म्हणत नाही. त्याचं कौतुक करता ना? मीही करत होते. कौतुक थोडं कमी करा आणि त्याला जरा बसवा. 'मी ठीक आहे' असं ते म्हणेल. त्या शब्दावर जाऊ नका. हात हातात घ्या, बोट दाबा आणि कुठलं दाबलं ते विचारा.

ताई मला रोज उचलते. उजव्या हातात घेतलं, की ती एकदा खाली वाकून बघते. मी त्या दोन बोटांत नीट बसले आहे की नाही, हे तिला बघितल्याशिवाय कळत नाही.