पितळी पाटीमागचं भोक

"कागद आगीनं नाही जाळले साहेब, तुमी जाळले."

रबाळ्याच्या शेडमधला तिजोरी-फिटर वामन चौकशीच्या टेबलापुढं उभ्यानंच बोलला. बस म्हणायचं कुणाला सुचलं नव्हतं. दुरुस्ती निकृष्ट केली असा ठपका त्याच्यावर ठेवायचा होता. म्हणजे नोकरी गेलीच.

तिजोरी साहेबांच्या जन्माआधीची, विलायती. मुंबईतल्या कुठल्याशा पेढीच्या लिलावात जमीन संपादनाच्या ऑफिसनं घेतलेली. दारावर वीतभर पितळी पाटी. दोन सिंह, मधे मुकुट, खाली प्रदर्शनांत मिळालेली पदकं. त्या काळचे कारागीर दुहेरी पत्र्याच्या मधे तुरटी आणि लाकडाचा भुसा ठासून भरत. आग लागली की तुरटी पाणी सोडते, त्याची वाफ होते, आतला कागद वाचतो. सगळी करामत भरावाची. पाटी मिरवायला, आणि भराव घालायचं भोक झाकायला.

एक्क्याऐंशी साली वामननं दार ठोकून पाहिलं होतं. खाली बद्द वाजलं, वर पोकळ. पाटी उतरवून भोकात तार घातली, ती कुठंच अडेना. भरावाची माती होऊन तो तळाला बसलेला. नवा भरावा लागेल, पंधरा दिवस तिजोरी शेडमधे राहू द्या, असं त्यानं याच साहेबांना तोंडावर सांगितलं. साहेब म्हणाले, सोमवारी ऑफिसचं उद्घाटन आहे, तू पाटी तेवढी चकचकीत कर.

वामननं केली. चिंच लावून, सिंहाच्या आयाळीचा केस न् केस दिसेपर्यंत घासली. या कामात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि ते त्यालाही ठाऊक होतं.

मग ऑफिसनं कोपरखैरण्याच्या लोकांकडून मोबदल्यासाठी जमिनीचे अस्सल कागद मागवले आणि त्या तिजोरीत ठेवले. दोन वर्षांनी भर दुपारी वायरिंग पेटलं. तिजोरी जागच्या जागी उभी, आत नुसता कोळसा. आता तेच ऑफिस लोकांना म्हणत होतं, जमीन तुमची असल्याचा पुरावा आणा.

मिठागरात जन्म काढलेली वेणूबाई बाहेर बाकावर बसून होती. वामन आत येताना ती एवढंच म्हणाली होती, "मी कागद देत नव्हते रं. ती पितल बगून दिला."

साहेबांनी दुरुस्ती निकृष्ट झाल्याचा आधीच लिहिलेला जबाब पुढं सरकवला. सही कर, नोकरीचं मग बघू, म्हणाले.

वामननं पेनाला हात लावला नाही.

"पोकळ तिजोरीवर पाटी मी बसवली. ती चूक माझी, लिहून घ्या. पण पोकळ आहे हे कळल्यावर म्हातारीचा कागद त्यात ठेवा, असा हुकूम कुणी दिला? नाव सांगा. ती बाहेर बसलीय, मला तिला सांगायचंय."